सबनीस, दादा आणि आमचे मिस्त्री

अण्णांचा_धाकटा

नमस्कार मंडळी. काल माळा आवरताना अण्णांच्या ट्रंकेत एक जुनं बिलबुक सापडलं. बिलबुक अण्णांचं नाही, मिस्त्रींचं, पण आतलं अक्षर सगळं अण्णांचं. ते हातात घेऊन बसलो आणि मागच्या आठवड्यात इथेच कुणीतरी विचारलेलं आठवलं, की वसंत सबनीसांसारख्या सभ्य, वाचलेल्या माणसाला दादा कोंडक्यांत काय दिसलं असेल. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. आज देतो, जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

आधी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. सबनीस आमच्या सोलापूरचे. सरकारच्या प्रसिद्धी खात्यात नोकरी, 'लोकराज्य'च्या संपादनाचं काम, 'पानदान'सारखं पुस्तक नावावर, लिखाण हलकंफुलकं पण एक शब्द इकडचा तिकडे नाही. आणि दादा म्हणजे नायगावच्या चाळीतले, मूळ गाव भोर भागातलं, घरचे गिरणीतले. शाळा फारशी नाही, अपना बाजारात नोकरी, बँडमध्ये वाजवणं आणि राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात कामं. पुढे स्वतःची कलाकारांची पार्टी काढली. 'खणखणपूरचा राजा' या नाटकातलं त्यांचं काम सबनीसांनी पाहिलं होतं आणि ते त्यांना आवडलं होतं. दादा जाऊन म्हणाले आम्हाला लिहून द्या, आणि साठच्या दशकाच्या मध्यावर त्यातून जे उभं राहिलं ते लोकनाट्य म्हणजे 'विच्छा माझी पुरी करा'. मुळात तो 'छपरी पलंगाचा वग', वग म्हणजे तमाशातली गोष्ट. राजा, प्रधान, कोतवाल, मैनावती आणि दादांचा हवालदार. हजाराच्या वर प्रयोग झाले.

आता माझा मुद्दा. सरकारी खात्यात बसणारा माणूस राजाच्या दरबारातला बिनडोक कारभार लिहितो आणि तो कुणाच्या तोंडी घालतो, तर ज्याच्या तोंडाचा काही भरवसा नाही अशाच्या. दादा स्टेजवर उभे राहिले की त्या दिवशीचा पेपर त्यांच्या जिभेवर असायचा, आज म्हटलेलं वाक्य उद्या तसंच येईल याची खात्री नाही. कुठल्याही लेखकाला हे सोसत नाही. नटाने पदरचा एक 'हो का' घातला तरी विंगेत येऊन भांडणारे लेखक होऊन गेलेत. सबनीसांनी उलट केलं, जागा सोडून ठेवली. वगाचा सांगाडा पक्का बांधला, कुठून कुठे जायचं ते ठरवलं आणि मधे दादांसाठी मोकळं मैदान ठेवलं. मला वाटतं दोन वेगळ्या माणसांची मैत्री म्हणजे एवढंच असतं, एकाने कागदावर जागा सोडायची आणि दुसऱ्याने तिथून भरकटून परत रस्त्यावर यायचं.

हे मला सबनीसांमुळे नाही कळलं, आमच्या घरात बघितलं म्हणून कळलं.

अण्णा हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. पांढरा लेंगा-सदरा, खिशाला शाईचं पेन, बोलणं इतकं शुद्ध की दूधवालासुद्धा आमच्या दारात जपून बोलायचा. आणि मिस्त्री मोटार रिवाइंडिंगवाले, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने भरून देणारे. पंखे, पाण्याच्या मोटारी, पिठाच्या गिरणीच्या मोटारी. गालात कायम तंबाखू, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडे कळायचं मिस्त्री आलेत, आणि शिवी दिल्याशिवाय वाक्य पुरं व्हायचं नाही. आमचा टेबलफॅन जळला तो त्यांनी भरून दिला, अण्णांनी सवयीप्रमाणे बिल मागितलं, मिस्त्री म्हणाले बिल कसलं मास्तर, लिवता कुटं येतंय. अण्णांनी त्यांच्याच बिलबुकात स्वतःच्या नावाचं बिल लिहिलं आणि पैसे दिले. पुढच्या गुरुवारी मिस्त्री परत आले, ते बिलबुक आणि आठवडाभराचा हिशोब तोंडपाठ घेऊन. मग दर गुरुवारी. जवळजवळ एकोणीस वर्षं.

मिस्त्री खुर्चीवर बसायचे नाहीत. हाताला, कपड्याला वार्निश असायचं, खुर्ची खराब होईल म्हणायचे. येताना जुना पेपर आणायचे, तो ओसरीवर पसरून त्यावर बसायचे. पहिले काही गुरुवार अण्णा खुर्चीवर आणि ते खाली. मग एकदा अण्णा उठले, त्याच पेपरचं दुसरं पान ओढलं आणि त्यावर बसले. कुणी काही बोललं नाही. आई चहा घेऊन आली तिने ट्रे खाली ठेवला. इतकंच.

आणि त्या बिलांत एक गंमत आहे ज्यासाठी हा धागा काढला. प्रत्येक बिलात नावाच्या खाली आणि मजकुराच्या वर अण्णांनी बोटभर जागा कोरी सोडलेली आहे. तिथे मिस्त्रींनी चित्र काढलंय. तीन पात्यांचा पंखा, नळीवाली मोटार, मिक्सर. वाचता येत नव्हतं पण चित्र बघून कुठलं बिल कुणाचं ते त्यांना कळायचं. अण्णांनी त्यांना कधी 'या, मी तुम्हाला अक्षरं शिकवतो' म्हटलेलं मला आठवत नाही. लोकांना ते खटकायचं, मास्तर असून शिकवलं नाही म्हणून. मलाही एका काळात खटकलं. आता नाही खटकत.

'विच्छा' बघायला अण्णांना मिस्त्रींनीच नेलं. अण्णा म्हणजे नाट्यसंगीत ऐकणारे, तमाशाच्या कनातीकडे मान वळवून न बघणारे. मिस्त्री म्हणाले, मास्तर, लिवणारा आपल्या सोलापूरचा हाय, तुमच्यातलाच हाय, चला. मीही होतो बरोबर, दहा-अकरा वर्षांचा. दादा प्रेक्षकांशी बोलायला लागले आणि अण्णा हसायला लागले, असे की डोळ्यातून पाणी, चष्मा काढून सदऱ्याला पुसत होते. मी वडिलांना त्याआधी मोठ्याने हसताना पाहिलं नव्हतं. मिस्त्री स्टेजकडे बघत नव्हते, अण्णांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी शाळेत कुणीतरी वरपर्यंत पोचवलं आणि अण्णांना बोलावून समज देण्यात आली. शिक्षकाने असले खेळ बघावेत का वगैरे. घरी येऊन अण्णा काही बोलले नाहीत. गुरुवारी मिस्त्री आले, रोजच्यासारखं बिलबुक उघडलं.

सगळे मला एकच विचारायचे, तुझ्या वडिलांना त्या माणसात काय दिसलं? मिस्त्रींना अण्णांत काय दिसलं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. सबनीस-दादांबद्दलही तेच होतं. म्हणून लिहिलं.

---

नायगावचा

वाह. सकाळी लोकलमध्ये वाचायला घेतलं आणि स्टेशन चुकता चुकता राहिलं.

दादांबद्दल थोडी भर घालतो, आमच्याच भागातले म्हणून. जन्म ८ ऑगस्ट १९३२. लहानपणी मारामाऱ्या करणारं पोर, दगड, विटा, सोडावॉटरच्या बाटल्या सगळं चालवलेलं, हे त्यांनी स्वतःच सांगितलंय, त्यात लपवण्यासारखं काही त्यांना वाटलं नाही. मग एका वर्षात घरातली जवळची माणसं पाठोपाठ गेली आणि पोरगा गप्प झाला. त्यानंतर हसवायच्या मागे लागला. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे की दादा हसवतात त्याच्याखाली काहीतरी आहे, ते रडक्या माणसालाच कळतं.

आणि एक. आशाताई भोसले मुंबईत असल्या की 'विच्छा'चा प्रयोग चुकवायच्या नाहीत. त्यांनीच भालजींना, म्हणजे भालजी पेंढारकरांना, दादांचं नाव सुचवलं आणि १९६९ ला 'तांबडी माती' हा सिनेमा आला. म्हणजे बघा, सबनीसांच्या कागदावरून दादा भालजींपर्यंत पोचले. नंतर दादांनी 'सदिच्छा चित्र' या नावाने स्वतः सिनेमा काढायचा ठरवला, तेव्हा लिहायला परत कुणाकडे गेले? सबनीसांकडेच. १९७१ चा 'सोंगाड्या'. ज्याला पहिल्यांदा आपल्यावर विश्वास टाकताना बघितलं त्याच्याकडेच माणूस दुसऱ्यांदा जातो.

---

शुभदा_कोथरूड

लेख खूप आवडला, मिस्त्रींचा भाग तर दोनदा वाचला. पण एक मनातलं लिहिते, राग मानू नका.

मला दादांचा विनोद कधी सोसला नाही. आम्ही घरात मुली, भाऊ, आजी असे सगळे एकत्र टीव्ही बघायचो आणि त्यांच्या सिनेमाचं नुसतं नाव उच्चारलं तरी मान खाली जायची. 'सोंगाड्या' मी बघितलाय, तो निर्मळ आहे, त्यातला नाम्या मला आवडतो, आईपुढे लेकरू असलेला. रत्नमालाबाईंनी ती आई काय केलीये! पण पुढे जे झालं, ती द्व्यर्थी शीर्षकं, ते बघून मला वाटतं की सबनीसांची लेखणी होती तोवर तोल होता. पुढच्या सिनेमांवर लेखक म्हणून राजेश मजुमदारांचं नाव यायला लागलं आणि दादांचा बाज बदलत गेला. तुम्ही म्हणता जागा सोडली, मान्य, पण जागेला कुंपण पण लागतं ना? तुमच्या अण्णांनी बोटभर सोडली होती, पान सोडलं नव्हतं.

---

हलगी

शुभदाताई, तुमचं म्हणणं ऐकून घेतलं. आता माझं ऐका. माझे आजोबा तमाशाच्या फडात ढोलकी वाजवत होते, चुलते सोंगाड्याचं, म्हणजे हसवणाऱ्याचं, काम करायचे, वीस-बावीस वर्षं गावोगाव राहुट्या टाकून फिरलेत. म्हणून अधिकाराने बोलतो.

धागाकर्त्यांनी लई जीव लावून लिहिलंय पण एक गोष्ट मला टोचली. "सबनीसांनी जागा सोडली". जागा सबनीसांनी नाही सोडली भाऊ, ती जागा तमाशात होतीच. शेकडो वर्षं होती. गण झाला, गवळण झाली, मावशी-पेंद्याचं झालं, मग बतावणी. बतावणीत कागद नसतोच. सरदार आणि सोंगाड्या समोरासमोर उभे राहतात, सरदार शुद्ध बोलतो, सोंगाड्या त्याच्या शब्दाचा भलताच अर्थ लावतो आणि तिथं गावातला पाटील, तलाठी, पाऊस, दुष्काळ सगळं येतं. ज्या गावात खेळ त्या गावचं काहीतरी आलं पाहिजे. माझे चुलते संध्याकाळी गावात पोचल्यावर आधी पारावर जाऊन बसायचे, तासभर नुसतं ऐकायचे, कुणाची म्हैस हरवली, कुणाचं कोर्टात चाललंय. रात्री ते सगळं वगात. वग म्हणजे एक गोष्ट ठरलेली, बाकी सगळं तोंडातनं.

म्हणजे जरा बघा, सरदार आणि सोंगाड्या हीच मुळात तुमची जोडी. एक सभ्य, एक रांगडा. ती सबनीसांच्या आधी कितीतरी पिढ्या स्टेजवर उभी आहे. आणि त्यात सोंगाड्या मूर्ख नसतो, सरदाराला अडवणारा असतो. सबनीसांचा मोठेपणा कुठं आहे तर त्यांनी ते ओळखलं. सुधारायला गेले नाहीत. त्या काळात तमाशा 'स्वच्छ' करायला निघालेले पुष्कळ होते, लोकनाट्य नाव देऊन बायकांच्या नऊवारीपासून भाषेपर्यंत सगळं धुऊन काढायचं. सबनीसांनी पांढरपेशाला बसून बघता येईल असं केलं पण सोंगाड्याची जीभ कापली नाही. हे मोठं काम आहे. पण जागा देणारे ते नव्हेत, जागा राखणारे.

आणि ताई, कुंपणाचं म्हणाल तर फडात कुंपण प्रेक्षक घालतो. समोर बाया-पोरं असली की चुलत्यांची बतावणी वेगळी, नुसते गडी असले की वेगळी. त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

---

अण्णांचा_धाकटा

हलगी, तुमचा प्रतिसाद वाचून गप्पच बसलो थोडा वेळ. बरोबर आहे तुमचं. 'सोडली' हा शब्द माझा चुकला, 'राखली' हाच खरा. आणि गंमत म्हणजे मिस्त्रींचंही तसंच होतं. चित्रं ते आधीपासून काढत होते. दुकानात भिंतीवर कोळशाने काढून ठेवायचे, कुणाची मोटार, किती आणे आले, किती राहिले, आण्यासाठी उभी रेघ आणि रुपयासाठी गोळा. अण्णांनी फक्त ती भिंत बिलात आणली. मी लहान होतो, मला वाटलं अण्णांनीच युक्ती काढली.

---

मेघदूत_न्यूजर्सी

इथे रात्रीचे दीड वाजलेत, उद्या ऑफिस आहे तरी लिहितो.

कुणी सबनीसांचं पुढचं काम लक्षात घेतलंय का? १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' आमच्याकडे दर दिवाळीला लागतो, इथे जन्मलेल्या मुलांना मराठी धड येत नाही पण त्यातले संवाद तोंडपाठ. ते संवाद लिहिणारे सबनीसच. 'नवरी मिळे नवऱ्याला' पण त्यांचा. नाटकात 'सौजन्याची ऐशी तैशी', चाळीतली भांडणं. म्हणजे हाच माणूस एकीकडे दादांच्या हवालदाराला राजापुढे उभा करतो आणि वीसेक वर्षांनी अशोक सराफ-लक्ष्याच्या तोंडात शहरी वाक्यं घालतो, आणि दोन्हीकडे माणसं बोलतात तशीच बोलतात. मला वाटतं हा कान त्यांना 'विच्छा'ने दिला असणार. एक माणूस आपलं वाक्य रोज मोडून नवं करतो आणि लोक जास्त हसतात, हे इतक्या प्रयोगांत बघितल्यावर लेखकाला कळत असेल की वाक्य कागदावर कितीही बरोबर असलं तरी तोंडात बसलं पाहिजे. हा माझा अंदाज, पण मला पटलेला.

म्हणून "सभ्य माणसाला रांगड्यात काय दिसलं" याचं निदान अर्धं उत्तर हे आहे. आयुष्यभराची शिकवणी मिळाली.

---

वऱ्हाडी_ठेचा

मस्त धागा. आमच्याकडचं एक सांगतो, अकोल्याकडचं.

आमचे मोठे मामा बँकेत मॅनेजर होते, साहित्य संघाचे सभासद, घरात पुस्तकाचीच कपाटं. त्यांचा सगळ्यात जवळचा माणूस कोण, तर सरकी पेंडीचा व्यापार करणारा एक पहिलवान गडी. बोलणं एकदम खडं. तो मामाले 'सायेब' म्हणे आणि मामा त्याले 'पैलवान'. दोघं मिळून रोज सकाळी पाच वाजता फिरायले जात, साडेतीन किलोमीटर, अन् पूर्ण रस्ता एक शब्द बोलत नसत. मामी म्हणे अहो तुम्ही बोलता तरी काय इतकं त्याच्याशी. मामा म्हणत, कायी नायी.

मामा गेले तेव्हा पैलवान बारा दिवस रोज त्याच टायमाले घरासमोर येऊन उभा राहे, पाच मिनिटं, अन् एकटाच फिरायले जाय. आम्ही पोरं खिडकीतून बघत होतो. त्याले घरात बोलवायची कोणाची हिंमत नाई झाली. तेराव्या दिवशी मामी बाहेर गेली अन् म्हणाली, पैलवान, चहा घेऊन जा. आता मामीच जाते त्याच्यासंगं फिरायले.

---

नायगावचा

ठेचाभाऊ, काय लिहिलंत.

'सोंगाड्या'चं राहिलं होतं. दादरचं कोहिनूर. सिनेमा लागायची वेळ आली आणि थिएटर मिळेना, तिथे देव आनंदचा 'तेरे मेरे सपने' लावायचं चाललं होतं. दादा बाळासाहेबांकडे गेले, शिवसैनिक कोहिनूरवर जमले आणि 'सोंगाड्या' लागला. हे सगळ्यांना माहीत आहे, राजकारणाच्या गोष्टीत नेहमी येतं. पण मला दर वेळी वाटतं की त्या गोष्टीत सिनेमा लिहिणाऱ्याचं नाव कुणीच घेत नाही. दारात एवढी गर्दी कशासाठी जमली, तर दोन माणसांनी मिळून जे केलं त्यासाठी. तिथपासून दादांचे ओळीने नऊ सिनेमे रौप्यमहोत्सवी झाले, गिनीज बुकात नाव गेलं. त्या रांगेतला पहिला सबनीसांचा.

---

शुभदा_कोथरूड

हलगी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. आई ब्याऐंशी वर्षांची आहे. ती म्हणाली, "मी विच्छा बघितलंय." मी उडालेच. तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं! लग्नाआधी, मावशीबरोबर, घरी कीर्तनाला जातो सांगून. मी विचारलं तुला लाज नाही वाटली? म्हणाली, "आमच्याकडे बघून ते जपून बोलत होते गं, पहिल्या तीन रांगा बायकांच्या होत्या." म्हणजे तुम्ही म्हणता ते प्रेक्षकाचं कुंपण.

पुढच्या सिनेमांबद्दल माझं मत तेच आहे, ते नाही बदलणार. पण मला एक जाणवलं. थिएटरात कॅमेऱ्याला समोर कोण बसलंय ते दिसत नाही. दादा स्टेजवर समोरचा चेहरा बघून बोलणारे. सिनेमात समोर चेहरा नाही, विंगेत सबनीस नाहीत. मग कुणाकडे बघून थांबणार?

---

हलगी

ताई, हे मी इतक्या वर्षांत कुणाकडून ऐकलं नव्हतं. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

रंगपट

मी हौशी रंगभूमीवर काम करतो, वाचनमात्र असतो, आज लिहावंसं वाटलं.

'विच्छा' दादांशिवाय उभं राहील का, असं पूर्वी सगळे विचारायचे. विजय कदमांनी ते उभं केलं. मी त्यांचा प्रयोग बघितलाय. हवालदार त्यांचा होता, दादांची नक्कल नव्हती, वेळेवर त्या दिवसातल्या बातम्या येत होत्या, दादांच्या काळातला एकही चुटका उसना घेतलेला वाटला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विजय कदम गेले तेव्हा मला पहिल्यांदा तो हवालदारच आठवला.

संहितेबाहेरचं पदरचं वाक्य घालणं, त्याला आम्ही नट मंडळी 'अ‍ॅडिशन घेणं' म्हणतो. अ‍ॅडिशन घेणं सोपं, परत संहितेवर येणं अवघड. लोक हसत असतात, अजून एक टाकावंसं वाटतं, अजून एक, आणि तोवर समोरचा नट ताटकळलेला असतो, त्याचं पुढचं वाक्य थंड झालेलं असतं. 'विच्छा'चा बांध असा आहे की हवालदार कितीही लांब गेला तरी गोष्ट त्याची वाट बघत थांबते आणि तो आला की तिथूनच उचलते. असं लिहायला समोरच्या नटावर माया असावी लागते. नुसत्या हुशारीने नाही लिहिता येत, मी प्रयत्न करून बघितलाय. दादा आणि सबनीस संध्याकाळी एकत्र बसत होते का, एकमेकांच्या घरी जेवत होते का, त्याने मला फरक पडत नाही. संहितेत जे आहे ते मला पुरतं.

धागाकर्ते, तुमच्या वडिलांच्या बिलात पण तेच आहे बहुतेक. फोटो टाका ना एक.

---

मेघदूत_न्यूजर्सी

+१ फोटोसाठी. आणि मिस्त्रींना अण्णांत काय दिसलं हे तुम्ही स्वतःच विचारून अर्धवट सोडलंत. सांगा ना.

---

अण्णांचा_धाकटा

फोटो टाकायला जमत नाहीये, पान फार पिवळं पडलंय, चित्र उमटत नाही. पुतण्या आला की स्कॅन करून टाकतो. तोवर लिहून सांगतो.

मिस्त्रींना अण्णांत काय दिसलं. मी एकदाच विचारलं होतं, कॉलेजात असताना, दुकानात मोटार घ्यायला गेलो होतो तेव्हा. ते कॉइल भरत होते. रिवाइंडिंग कुणी जवळून बघितलंय का? तांब्याची तार केसासारखी बारीक, ती मोजून फेरे घालायची, फेरे कमी पडले तर मोटार तापते. मिस्त्री तोंडाने मोजत नसत, अंगठ्यानेच त्यांना कळायचं. माझ्या प्रश्नावर हात थांबला नाही. म्हणाले, "मास्तर माझं बिल लिवताना घाई करत न्हाईत. त्येंच्या पोरांच्या वह्या तपासत्यात तसंच बघत्यात. मी सांगितलं तेच लिवत्यात, एक रुपाया इकडं न्हाई एक तिकडं न्हाई. आन् मी शिवी दिली तर तेवडी गाळत्यात." मग जरा थांबून म्हणाले, "आन् माझी चित्रं बघून हसत न्हाईत."

अण्णांना शेवटी पक्षाघात झाला, उजवा हात गेला. तेव्हा दोन गुरुवार मिस्त्री आले आणि बिलबुक पिशवीतून काढलंच नाही. तिसऱ्या गुरुवारी अण्णांनी डाव्या हाताने खूण केली, आण. मिस्त्रींनी बुक पुढे धरलं, मी पेन अण्णांच्या डाव्या हातात दिलं. ते पान आत्ता माझ्यासमोर आहे. वर मिस्त्रींनी काढलेला छताचा पंखा, नेहमीसारखा, तीन पाती आणि मधे गोल. खाली अण्णांचं 'एक पंखा, भरणावळ' असं लिहिलंय, पण ओळखू येत नाही, अक्षरं उतारावरून घसरल्यासारखी. ज्या माणसाच्या हस्ताक्षराचे नमुने शाळेत फळ्याशेजारी लावायचे त्याचं हे अक्षर. आकडा पुरा झाला नाही. मग मिस्त्रींनी अण्णांच्या हातातून पेन घेतलं आणि आकड्याच्या जागी रेघा आणि गोळे काढले, भिंतीवर काढायचे तसे. अण्णांनी ते मोजले. एक गोळा कमी होता, बोट ठेवून दाखवला. मिस्त्रींनी तो काढला.

हे पान म्हणजे कार्बनखालची प्रत आहे, वरचं पान नाही, म्हणजे ते बिल गिऱ्हाइकाला दिलं होतं. फाडून दिलेलं पान गेलं, हे दुसरं राहिलं.

मिस्त्री जाऊनही बरीच वर्षं झाली. दुकान आता मुलगा चालवतो, मशीनवर वाइंडिंग करतो. आज सकाळी त्याला फोन करून बिलबुकाचं सांगितलं. म्हणाला, "काका, तुमच्याकडं एकच हाय? दुकानात आणखी चौदा हाईत, अब्बांनी टाकू दिली न्हाईत. रविवारी या."

रविवारी जातोय. पुतण्यालाही नेतो, स्कॅनरसकट.